परक्याची व्याख्या : झांझिबारचा उठाव आणि कादंबरीची साक्ष

१

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतचे झांझिबार हे राज्य १० डिसेंबर १९६३ रोजी ब्रिटिश संरक्षणातून मुक्त झाले. उंगुजा आणि पेंबा ही त्याची दोन मुख्य बेटे आणि सुमारे तीन लाख लोकवस्ती. सुलतान जमशीद बिन अब्दुल्ला घटनात्मक राज्यप्रमुख आणि मोहम्मद शामते पंतप्रधान अशी व्यवस्था ठरली होती. या व्यवस्थेला पाच आठवडेही पुरते मिळाले नाहीत. १२ जानेवारी १९६४ च्या पहाटे काही शे माणसांनी कोयते, भाले आणि हाती लागतील ती हत्यारे घेऊन झिवानी आणि म्तोनी येथील पोलिसठाण्यांवर हल्ला केला. तेथील शस्त्रागार त्यांच्या ताब्यात गेले आणि त्याच दिवशी सुलतानाने जहाजातून बेट सोडले. पुढच्या दिवसांत अरबांची कत्तल झाली, हिंदी व्यापाऱ्यांची दुकाने लुटली गेली, हजारो माणसे छावण्यांत कोंडली गेली. मृतांचे अंदाज काही शेकड्यांपासून वीस हजारांपर्यंत केले गेले आहेत. अंदाजांतील हे अंतरच या घटनेविषयी पुढे झालेल्या वादाचे माप आहे.

त्या दिवसांत झांझिबारच्या नभोवाणीवरून एक आवाज सतत ऐकू येत होता. आवाजाचा धनी स्वतःला 'फील्ड मार्शल' म्हणवीत असे. परक्यांची सत्ता संपली असल्याचे तो जाहीर करी आणि आज्ञा न पाळणाऱ्यांना भयंकर शिक्षांच्या धमक्या देई. त्याचे नाव जॉन ओकेलो. तो जन्माने युगांडाचा. गवंडीकाम आणि रंगकाम करीत तो केनियातून १९५९ मध्ये पेंबा बेटावर आला होता. जवळजवळ संपूर्णपणे मुसलमान असलेल्या या बेटांवर तो ख्रिस्ती होता, आणि त्याची स्वाहिली त्याच्या मुलखाच्या हेलाने बोलली जाई. ती ऐकताच बोलणारा किनाऱ्यावरचा नव्हे हे कोणालाही समजे. म्हणजे परक्यांना हाकलण्याची आज्ञा जो देत होता, तो ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने स्वतःच परका होता. ज्यांना हाकलायचे त्यांची घरे मात्र कित्येक पिढ्या त्याच गल्ल्यांत होती.

हा विरोधाभास केवळ दैवाचा खेळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. तो आपल्याला मूळ प्रश्नाकडे नेतो : 'परका' हा शब्द नेमके कशाचे वर्णन करतो? प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, झांझिबारच्या संदर्भात हा शब्द माणसाच्या मूळस्थानाचे वर्णन कधीच करीत नव्हता. त्या शब्दाचा अर्थ ठरविण्याचा अधिकार कोणाकडे असावा, या संघर्षाची ती खूण होती. शस्त्रे बाहेर पडली ती या संघर्षाच्या शेवटच्या टप्प्यात. पहिले टप्पे वृत्तपत्रांत, सभांत, निवडणुकांत, म्हणजे भाषेतच पार पडले होते. व्याख्या बदलत गेल्याचा क्रम इतिहासाची साधने दाखवू शकतात. पण त्या व्याख्येच्या आत राहून जगणे म्हणजे काय, याची साक्ष प्रामुख्याने कादंबरीने दिली आहे.

आरंभी नावाविषयी एक खुलासा करावा लागेल. या घटनेला झांझिबारमध्ये अधिकृतपणे 'मापिंदुझी' म्हणतात. उलथवणे या अर्थाच्या 'पिंदुआ' या धातूपासून तो शब्द झाला आहे आणि क्रांती व सत्तापालट या दोहोंसाठी तोच वापरला जातो. ज्यांची घरे गेली त्यांना मात्र तो शब्द मान्य नाही. त्यांच्या लेखी ते बाहेरून आलेले आक्रमण होते. अशा नामभेदाचे आपल्याला नवल वाटू नये. विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'चे उपशीर्षक सत्तावनच्या 'बंडा'ची हकीकत सांगते, तर सावरकर त्याच घटनेला 'स्वातंत्र्यसमर' म्हणतात. नाव ठरले की निम्मा इतिहास ठरतो. म्हणून या लेखात 'उठाव' हा त्यातल्या त्यात तटस्थ शब्द योजला आहे. तोही पूर्णपणे निर्दोष नाही, याची जाणीव ठेवून.

२

स्वाहिली भाषेत 'म्गेनी' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ पाहुणा असाही होतो आणि परका असाही. मराठीत ज्या दोन कल्पनांसाठी आपण दोन निराळे शब्द ठेवले, त्या तेथे एकाच शब्दात नांदतात. याचे कारण किनाऱ्याच्या व्यापारी जीवनात आहे. ईशान्येचे मोसमी वारे सुरू झाले की अरबस्तान, इराण, कच्छ-काठेवाड येथली जहाजे येत आणि वारे फिरेपर्यंत त्यांना थांबावेच लागे. या सक्तीच्या मुक्कामात काहीजण लग्ने करीत, घरे बांधीत. पुढच्या मोसमात परत जात किंवा जात नसत. आलेला माणूस पाहुणा राहील की शेजारी होईल, हे वाऱ्यावर आणि नशिबावर अवलंबून असे. आपला 'मोसम' आणि स्वाहिलीतला 'मुसिमू' हे एकाच अरबी शब्दाचे वंशज आहेत. 'गारी', 'लाकी', 'हुंडी' हे शब्द ऐकताना मराठी वाचकाला कोशाची गरज पडणार नाही. हा संबंध शब्दांपुरताही नव्हता : १८५९ मध्ये सत्तेसाठी केलेला कट फसल्यावर राजपुत्र बरघश याला मुंबईस हद्दपार करण्यात आले होते, आणि तोच पुढे १८७० मध्ये सुलतान झाला. त्याची बहीण साल्मे या कटात सामील होती. तिने एमिली रुएटे या नावाने १८८६ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध केलेल्या आठवणी हे झांझिबारमधील व्यक्तीने लिहिलेल्या आत्मचरित्राचे एक आरंभीचे उदाहरण होय.

या समाजात बाहेरून येणे ही उणीव नव्हती; ती प्रतिष्ठा होती. किल्वाच्या बखरीत शिराझच्या राजपुत्रांनी सात जहाजांतून येऊन किनाऱ्यावरची नगरे वसविल्याची कथा आहे. बेटांवरचे कित्येक आफ्रिकी शेतकरी स्वतःला 'शिराझी' म्हणवीत ते या कथेच्या आधारावर. येथे एक उलटा तर्क दिसतो. 'आम्ही इथले जुने रहिवासी' हे सिद्ध करण्यासाठी 'आमचे पूर्वज समुद्रापलीकडून आले' असे सांगावे लागे. स्थानिकत्वाचा दाखला आगमनाच्या कथेतून मिळत असे. ही कथा ऐतिहासिकदृष्ट्या कितपत खरी, हा प्रश्न आपल्यापुरता गौण आहे. समाजाने तिच्यावर आपली ओळख उभी केली, हे महत्त्वाचे.

परंतु या मोकळ्या समाजाचे गोडवे गाताना त्याच्या पायाकडे दुर्लक्ष करता येणार नाही. लवंगेच्या बागा गुलामांच्या श्रमावर उभ्या राहिल्या होत्या आणि गुलामगिरीची कायदेशीर मान्यता १८९७ मध्ये काढून घेतली गेली तरी जमिनीची मालकी फारशी हलली नाही. भाषेनेही ही उतरंड जपली. संस्कृती या अर्थी स्वाहिलीत 'उस्ताराबू' हा शब्द रूढ आहे. त्याच्या पोटात अरब होणे, अरबांसारखे होणे ही कल्पना आहे. त्याच्या विरुद्ध टोकाला 'उशेन्झी', म्हणजे रानटीपणा. आणि 'म्शेन्झी' म्हणजे मुख्य भूमीच्या आतल्या भागातून आलेला, धर्म नसलेला माणूस. ज्या शब्दाने सुसंस्कृत म्हणायचे त्याच शब्दाने एका वंशाचे नाव घ्यायचे, अशी ही रचना होती. ब्रिटिशांनी अरब म्हणजे राज्यकर्ते, हिंदी म्हणजे व्यापारी आणि आफ्रिकी म्हणजे श्रमिक अशी विभागणी प्रशासनात घट्ट केली, जमातवार प्रतिनिधित्व दिले, जनगणनेचे रकाने आखले. तरीही वंशद्वेष ही निव्वळ साम्राज्याची करणी असे म्हणून हात झटकता येत नाहीत. जोनाथन ग्लासमन या इतिहासकाराने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, वंशाचा विचार लोकप्रिय करण्यात स्थानिक शिक्षक, संपादक आणि पुढारी यांचा वाटा मोठा होता. म्हणजे आपल्यासारख्यांचा. हा निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे, पण टाळता येण्याजोगा नाही.

१९५७ ते १९६३ या काळाला झांझिबारमध्ये 'झामा झा सियासा', म्हणजे राजकारणाचे दिवस, असे म्हणतात. या काळात दोन मुख्य पक्ष समोरासमोर उभे होते. झांझिबार नॅशनलिस्ट पार्टी ही अरबांचा पक्ष म्हणून ओळखली जाई. पण तिचे एक मूळ १९५१ च्या गुरांच्या लसीकरणावरून झालेल्या दंग्यानंतर खेडुतांनी काढलेल्या, सुलतानाच्या प्रजाजनांच्या पक्षात होते. तिचा पुरस्कार करणाऱ्या 'म्वोंगोझी' या पत्राची भूमिका अशी की, सुलतानाची प्रजा असलेले, इस्लामचे अनुयायी, 'उस्ताराबू' जाणणारे ते सारे झांझिबारी. आणि मुख्य भूमीवरून मजुरीसाठी आलेले लोक हे परके. दुसऱ्या बाजूला आफ्रो-शिराझी पार्टी आणि 'आफ्रिका क्वेतू' हे पत्र. त्यांचे म्हणणे असे की, बेटे आफ्रिकेची आहेत. आफ्रिकी येथला, मग तो कोठूनही आलेला असो. आणि अरब हे गुलामांच्या व्यापाऱ्यांचे वारस, म्हणून परके.

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, दोन्ही बाजू एकच व्याकरण वापरीत होत्या. एकीने संस्कृतीचा निकष लावला, दुसरीने रक्ताचा. एकीने बेटाची सीमा धरली, दुसरीने खंडाची. परंतु राष्ट्राची व्याख्या करायची तर आधी कोणाला तरी वगळले पाहिजे, यावर दोघींचे एकमत होते. या व्याख्यांनी आधी शेजार मोडला. जमीनदारांनी विरोधी पक्षाच्या कुळांना बागांतून काढले, कुळांच्या पक्षाने अरबांच्या दुकानांवर बहिष्कार घातला. जून १९६१ च्या निवडणुकीच्या वेळी उसळलेल्या दंगलीत ६८ माणसे मारली गेली. त्यांतील बहुतेक अरब होती. जुलै १९६३ च्या निवडणुकीत आफ्रो-शिराझी पक्षाला ५४ टक्क्यांहून अधिक मते मिळाली, पण ३१ पैकी जागा मिळाल्या १३. नॅशनलिस्ट पक्ष आणि त्याचा मित्रपक्ष यांनी १८ जागांवर सरकार बनविले. स्वातंत्र्याच्या क्षणी बहुसंख्य मतदारांना ते स्वातंत्र्य आपले वाटले नाही, याला हे ठोस कारण होते.

नव्या सरकारने त्यात भर घातली. पोलीसदलातील मुख्य भूमीवर जन्मलेल्या शिपायांना परके म्हणून काढून टाकण्यात आले. शस्त्रागार कोठे आहे, पहारा केव्हा बदलतो, हे ज्यांना माहीत होते अशी माणसे त्यामुळे रिकामी झाली आणि उठावाला मिळाली. राज्याने ज्यांना 'परके' ठरविले त्यांनीच राज्य उलथले, आणि उलथताना तोच शब्द दुसऱ्यांच्या कपाळी मारला. व्याख्येचा सूड व्याख्येनेच घेतला गेला.

३

ओकेलोने आपल्या आठवणी 'रेव्होल्यूशन इन झांझिबार' या नावाने १९६७ मध्ये नैरोबी येथून प्रसिद्ध केल्या. हे पुस्तक इतिहासाचे साधन म्हणून फारसे विश्वसनीय मानले जात नाही, आणि ते योग्यच आहे. उठावाची आखणी खरोखर कोणी केली, ओकेलो सूत्रधार होता की आफ्रो-शिराझी पक्षाच्या युवक संघटनेने पुढे केलेला माणूस, उम्मा पक्षाच्या मार्क्सवादी तरुणांचा त्यात वाटा किती, यांविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु साधन म्हणून कमी पडणारी संहिता लक्षण म्हणून मोलाची असू शकते.

या संहितेत प्रथमपुरुषी निवेदकाला बाजूला सारील असे दुसरे कोणी नाही. पोरका मुलगा, गावोगाव भटकणारा मजूर, स्वप्नांत ईश्वराची आज्ञा मिळालेला प्रेषित आणि अखेर सेनापती, अशा क्रमाने तो स्वतःची घडण सांगतो. यातील स्वप्नांना केवळ भ्रम म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. कथनाच्या दृष्टीने मात्र त्यांचे कार्य स्पष्ट आहे. ज्या माणसापाशी बेटावर नाव नाही, नाते नाही, जमीन नाही, तेथला धर्म नाही, त्याला बोलण्याचा अधिकार कोठून मिळणार? कुळीच्या किंवा गावाच्या कथेतून तो मिळू शकत नव्हता. म्हणून तो थेट वरून आणावा लागला. शिराझच्या सात जहाजांनी जे काम इतरांसाठी केले, ते ओकेलोसाठी स्वप्नांनी केले. दोन्ही कथा आगमनाला हक्काचे रूप देणाऱ्याच आहेत.

स्वतःच्या परकेपणाची अडचण हा निवेदक निकष बदलून सोडवितो. झांझिबार हे बेट न राहता आफ्रिका या अखंड देहाचा अवयव होते. मग युगांडाचा माणूस तेथे परका ठरत नाही, आणि पाच पिढ्या तेथे जन्मलेला अरब परकाच राहतो. जन्मभूमीचा निकष गेला, रक्ताचा आला. आता या निकषाचे पुढे काय झाले ते पाहावे. सत्ता आफ्रो-शिराझी पक्षाचे अबेद करुमे यांच्या हाती आली. ओकेलोची भाषा, त्याचा धर्म आणि त्याचा हेल आता नव्या राज्यकर्त्यांनाही खुपू लागला. मार्च १९६४ मध्ये, मुख्य भूमीच्या दौऱ्यावरून परतत असता, त्याला बेटावर पाऊल ठेवू देण्यात आले नाही. ज्यांना त्याने सत्तेवर बसविले त्यांनी पुन्हा बेटाची सीमा धरली आणि त्या सीमेच्या आत तो परका ठरला. एप्रिलमध्ये झांझिबार टांगानिकाशी जोडले गेले आणि त्या संयोगातून आजचे टांझानिया झाले. ओकेलो १९७१ नंतर कोठे दिसला नाही. आपल्या संहितेत त्याने स्वतःला जे केंद्रस्थान दिले होते, ते अधिकृत इतिहासाने त्याला दिले नाही.

झेनोफोबिया, म्हणजे परकीयांविषयीचा भयग्रस्त द्वेष, याला आपण बहुधा जुन्या, साचलेल्या भावनेचा उद्रेक समजतो. झांझिबारचा क्रम निराळे सांगतो. तेथे हा द्वेष जवळजवळ व्याकरणासारखा वागला. कर्त्याच्या जागी कोणीही आला, तरी वाक्याची रचना तीच राहिली. जो वाक्य उच्चारील तो स्वकीय. उच्चारण्याचा अधिकार गेला की तोच परका.

४

उठावानंतरच्या स्वाहिली कादंबरीने आरंभी राज्याचीच भाषा उचलली. अॅडम शफी यांच्या 'कास्री या म्विन्यी फुआद' (१९७८) या कादंबरीत बागायतदार फुआद याचा वाडा आणि त्याच्या बागेत राबणारी माणसे यांची कथा आहे, आणि ती उठावाच्या विजयाकडे वाटचाल करते. कथेचा नैतिक आराखडा स्पष्ट आहे आणि शोषणाचे चित्र खोटे नाही. तरी या आराखड्यात सामान्य, निर्धन अरबाला जागा मिळत नाही. अरब म्हटला की तो वाड्याचा धनी असतो. १९७२ मध्ये करुमे यांचा खून झाला. त्यानंतरच्या धरपकडीत तुरुंगात गेलेल्यांत शफी स्वतः होते. त्या अनुभवातून त्यांनी 'हाइनी' (२००३) ही कादंबरी लिहिली. शीर्षकाचा अर्थ 'देशद्रोही'. एकाच लेखकाच्या या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवल्या, तर पंचवीस वर्षांत वाड्यापासून छळकोठडीपर्यंतचे अंतर तोडले गेल्याचे दिसते. पहिल्या कादंबरीत शत्रू वंशाने ओळखता येत होता. दुसरीत ती खूण नाहीशी झाली आहे. सत्ता ज्याला देशद्रोही म्हणेल तो देशद्रोही.

अब्दुलरझाक गुर्ना यांची साक्ष याहून वेगळ्या जागेवरून येते. १९४८ मध्ये झांझिबारमध्ये जन्मलेले गुर्ना उठावानंतर तरुण वयात इंग्लंडला गेले आणि इंग्रजीत लिहू लागले. २०२१ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. उठावाची भरघोस कादंबरी त्यांनी लिहिलेली नाही. बारा जानेवारीची पहाट, शस्त्रागार, नभोवाणीवरचा आवाज यांना त्यांच्या कथनात फार थोडी जागा मिळते. हे मौन अंगचोरपणाचे आहे की रीतीचे, असा प्रश्न विचारायला हवा.

'डेझर्शन' (२००५) मधील रशीद स्वातंत्र्यापूर्वी थोडेच दिवस शिक्षणासाठी इंग्लंडला जातो आणि उठाव त्याला दुरूनच कळतो. घटना घडते आणि निवेदक तेथे नसतो. त्याच कादंबरीच्या पूर्वार्धात, १८९९ मध्ये, किनाऱ्यावरच्या एका गावात रेहाना नावाची स्त्री आहे. तिचा बाप हिंदी व्यापारी आणि आई किनाऱ्यावरची. एका इंग्रजाशी तिचे प्रेम जुळते, आणि दोन पिढ्यांनंतर तिची नात जमीला या जुन्या बदनामीमुळे नाकारली जाते. जनगणनेच्या कोणत्याही रकान्यात रेहाना बसत नाही. उठावाचे तत्त्व ज्या स्वच्छ विभागणीवर उभे होते तिला कादंबरी अशा रीतीने मुळातच सुरुंग लावते. वादाने नव्हे, एका वंशावळीने.

'बाय द सी' (२००१) या कादंबरीत पासष्ट वर्षांचा सालेह ओमर गॅटविक विमानतळावर आश्रय मागायला उतरतो. त्याच्या पारपत्रावरचे नाव त्याचे नाही. ते त्याच्या जुन्या वैऱ्याचे, रजब शाबान महमूदचे आहे. इंग्रजी येत असूनही येत नसल्याचे तो भासवितो. जवळच्या पेटीतला ऊद एक अधिकारी काढून घेतो. पुढे त्याची गाठ पडते ती त्याच वैऱ्याच्या मुलाशी, लतीफशी. दोघांच्या घराण्यांत एका घरावरून भांडण आहे, आणि त्या भांडणाच्या मुळाशी मोसमी वाऱ्यांबरोबर आलेल्या एका बहारीनच्या व्यापाऱ्याचे कर्ज आहे. स्वातंत्र्यानंतरच्या राजवटीत सालेह ओमर अकरा वर्षे तुरुंगात काढतो. तो सुटतो तेव्हा त्याची बायको आणि मुलगी मेलेली असतात.

या कादंबरीची रचना आपल्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे. घर खरे कोणाचे, या प्रश्नावर सालेह आणि लतीफ दोघेही आपापली कथा सांगतात. एकाची कथा दुसऱ्याच्या कथेला छेद देते, तरी दोघांपैकी कोणालाही खोटे ठरविता येत नाही. परकेपणाच्या राजकारणाला हवा असतो तो एकच दस्तऐवज, एकच मालक, एकच मूळ. येथे दस्तऐवज आहे, पण त्यामागे व्याज, मत्सर, अपमान, लाज यांचा गुंता आहे. आणि अखेर परक्या देशात, एका थंड किनारी गावात, ही दोन माणसे एकमेकांची कथा ऐकून घेतात. समेट घडतो तो हक्क सिद्ध झाल्यामुळे नव्हे, ऐकून घेतल्यामुळे. 'म्गेनी' शब्दातील पाहुणा हा हरवलेला अर्थ येथे परत येतो.

तथापि गुर्ना यांना हळवे म्हणता येणार नाही. 'अॅडमायरिंग सायलेन्स' (१९९६) चा अनाम निवेदक इंग्लंडमध्ये आपल्या घराविषयी रचलेल्या कथा सांगतो आणि मायदेशी परतल्यावर आपल्या इंग्रज सहचरीविषयी गप्प राहतो. दोन्हीकडे तो खोटा आहे आणि दोन्हीकडे परका. 'ग्रॅव्हेल हार्ट' (२०१७) मध्ये उठावाच्या दिवसांत नायकाच्या आईचा बाप नेला जातो तो परत येत नाही. आणि पुढच्या पिढीत, भावाच्या सुटकेसाठी, तिला एका सत्ताधाऱ्याच्या इच्छेला शरण जावे लागते. हिंसा कथनात एका वाक्यात येऊन जाते. तिचे परिणाम मात्र दोन पिढ्या, बंद दारांआड, न बोललेल्या गोष्टींत साठत राहतात. म्हणूनच गुर्ना यांचे मौन अंगचोरपणाचे नाही, असे माझे मत आहे. नभोवाणीवरच्या आवाजाने भाषा इतकी व्यापून टाकली होती की, त्याच पट्टीत प्रत्युत्तर देणे म्हणजे त्याचेच व्याकरण मान्य करणे ठरले असते.

यावर एक आक्षेप संभवतो. गुर्ना ज्या समाजाचे चित्र रंगवितात तो प्रामुख्याने किनाऱ्यावरच्या नगरातला, अरब-स्वाहिली कुटुंबांचा. लवंगेच्या बागेतला मजूर, काढून टाकलेला पोलीस, मुख्य भूमीवरून आलेला गवंडी यांना त्यात निवेदकाचे स्थान नाही. आक्षेप रास्त आहे. ओकेलोचा आवाज भयानक होता, तरी त्याला ऐकणारे सापडले ते हजारो माणसांना वर्षानुवर्षे 'म्शेन्झी' म्हणवून घ्यावे लागले होते म्हणून. शफींची पहिली कादंबरी भाबडी वाटली तरी तिने बागेच्या आतून पाहिले आहे, आणि ती दृष्टी गुर्ना यांच्याकडे नाही. या कादंबऱ्या परस्परांना पूरक म्हणून वाचल्या तरच साक्ष पुरी होते.

५

या सर्व विवेचनाचा मराठी समीक्षेशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध शब्दांचा आहे. मुळे, माती, देशी, परके, आयात केलेले, उसने ही शब्दावली गेली काही दशके आपल्या समीक्षेत वावरते आहे. देशीवादाच्या विचाराने वसाहतीतून आलेल्या वाङ्मयीन न्यूनगंडावर प्रहार केला आणि बोलींना, लोकपरंपरांना प्रतिष्ठा मिळवून दिली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. साहित्यकृतीची पाळेमुळे शोधणे आणि माणसांची पाळेमुळे तपासणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत करून देशीवादावर वंशद्वेषाचा आरोप करणे अन्यायाचे होईल. तरीही एका क्षेत्रातले शब्द दुसऱ्या क्षेत्रात किती सहज जातात, हे झांझिबारच्या संपादकांनी आणि शिक्षकांनी दाखविले आहे. 'उस्ताराबू'ची चर्चा करणाऱ्यांच्या हातात कोयता नव्हता. ते संस्कृतीविषयीच लिहीत होते.

आपल्याकडेही या शब्दांची परीक्षा साहित्याने केलेली आहे. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) या आत्मकथनाचा नायक समुद्रापलीकडून आलेला नाही. तो याच मातीत जन्मला, हीच भाषा बोलला, आणि तरी गावाने त्याला उपराच मानले. उपरेपण बाहेरून येत नाही. ते गावात, गावाच्या भाषेत तयार होते, हे त्या एका शीर्षकाने मराठीला सुनावले. ज्या भाषेत 'भूमिपुत्र' हा शब्द अभिमानाने उच्चारला जातो, त्याच भाषेत हे पुस्तक लिहिले गेले आहे. समीक्षकाने दोन्ही शब्द एकत्र तोलले पाहिजेत.

बारा जानेवारी हा दिवस टांझानियात आजही सार्वजनिक सुटीचा आहे. पदच्युत सुलतान जमशीद यांनी इंग्लंडमध्ये अर्धशतकाहून अधिक काळ काढला आणि ओमानमध्ये २०२४ च्या अखेरीस ते मरण पावले. आपल्या पूर्वजांच्या देशात अखेरचे दिवस काढणारा हा माणूस तेथे स्वगृही आला होता की परदेशी होता, याचे उत्तर पारपत्रावरून मिळणार नाही. स्वाहिलीत त्याच्यासाठी एक शब्द आहे, आणि त्याचे दोन अर्थ आहेत. त्यांतला कोणता अर्थ घ्यायचा, हे भाषेने ठरविलेले नाही. ते ती भाषा बोलणाऱ्यांवर सोपविले आहे.